दुर्गंधाचं इंग्रजी: ‘रॅन्सिड ड्रेन’ का चुकलं

पत्र: मी एका मोठ्या निवासी संकुलाच्या देखभाल विभागात काम करते. रहिवाशांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यांची इंग्रजीत नोंद करायची आणि ती प्लंबर, इलेक्ट्रिशियन किंवा एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवायची, हे माझं काम. वासाच्या तक्रारी खूप येतात आणि दर वेळी मी ‘व्हेरी बॅड स्मेल इज कमिंग’ एवढंच लिहिते. त्यावरून कोणाला पाठवायचं तेच कळत नाही, असं वरिष्ठ म्हणतात. म्हणून चाळीस शब्दांची एक यादी पाठ केली आणि एका नोंदीत ‘रॅन्सिड ड्रेन’ असं लिहिलं, तर सगळे हसले. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘दुर्गंधीयुक्त’ असाच दिलाय. मग चुकलं काय? हे शब्द शिकायचे तरी कसे? आणि एखाद्या रहिवाशाच्याच घरातून वास येत असेल, तर त्याला ते इंग्रजीत न दुखवता कसं सांगायचं?

उत्तर: तुमचं व्याकरण चुकलेलं नाही. चुकली ती जोडी. ‘रॅन्सिड’ हा शब्द इंग्रजीत तेलातुपासाठी वापरतात. तेल, लोणी, चरबी, तेलकट बिया जुन्या झाल्या की हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे त्यांतले स्निग्ध घटक तुटतात आणि एक ठरावीक वास सुटतो. लोण्याच्या बाबतीत तो मुख्यतः ब्युटिरिक आम्लाचा असतो. मराठीत आपण त्याला खवट म्हणतो. आता ‘खवट गटार’ असं मोठ्याने म्हणून पाहा. तुमच्या सहकाऱ्यांना ‘रॅन्सिड ड्रेन’ वाचून तसंच वाटलं.

वाईट वासाचे बहुतेक इंग्रजी शब्द ‘किती वाईट’ यापेक्षा ‘कशाचा’ यावर ठरतात. तुमच्या यादीत सगळ्या शब्दांपुढे ‘दुर्गंधीयुक्त’ हा एकच अर्थ होता, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटणं साहजिक होतं. पण तुम्ही मराठीत कधी बुरसटलेलं दूध किंवा कोंदट मासळी म्हणत नाही. कुबट, खवट, आंबूस, कुजका, करपट, शिळा, घामट, वशट हे भेद तुमच्याकडे लहानपणापासून पक्के आहेत. म्हणून चाळीस शब्दांची यादी बाजूला ठेवा आणि या मराठी शब्दांच्या आधाराने सुरुवात करा.

त्याआधी वाक्याची घडी बसवू, कारण शब्द अचूक असला तरी ‘स्मेल इज कमिंग’ ही रचना वाक्य बिघडवते. मराठीत वास ‘येतो’. इंग्रजीत तो नुसता येत नाही, ‘असतो’ किंवा माणसाला ‘जाणवतो’. ‘देअर इज अ मस्टी स्मेल इन द बेडरूम’ किंवा ‘द रेसिडेंट कॅन स्मेल समथिंग बर्निंग’ असं लिहा. ‘कमिंग’ पूर्ण टाकायला मात्र नको. पुढे उगम सांगितला की ते अगदी बरोबर असतं: ‘द स्मेल इज कमिंग फ्रॉम द फ्लोअर ड्रेन.’ म्हणजे ‘फ्रॉम’ असेल तर ‘कमिंग’ चालेल, नसेल तर नाही.

‘स्मेल’ हे क्रियापद म्हणून वापरलं की त्याच्यापुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. ‘द वॉटर स्मेल्स बॅड’ बरोबर, ‘स्मेल्स बॅडली’ चूक. आपल्याला ‘वाईट वास येतोय’ असं म्हणायची सवय असल्याने ‘द वॉटर इज स्मेलिंग’ असं लिहावंसं वाटतं, तेही टाळा. साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द वॉटर स्मेल्स.’ पुढे विशेषणच नसलं तरी त्याचा अर्थ वाईट वास येतो असाच होतो. म्हणूनच माणसाला उद्देशून ‘यू स्मेल’ म्हणणं हा सरळ अपमान आहे.

आता एक बारीक पण तुमच्या कामाचा भेद. ‘स्मेल्स ऑव्ह’ आणि ‘स्मेल्स लाइक’. खोलीत खरोखर रंगकाम झालंय आणि रंगाचा वास आहे, तर ‘द रूम स्मेल्स ऑव्ह पेंट’. रंग कुठेच नाही पण वास तसा आहे, तर ‘स्मेल्स लाइक पेंट’. रोजच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकन इंग्रजीत, दोन्हीकडे ‘लाइक’ सर्रास वापरतात. पण लेखी नोंदीत हा भेद पाळला तर वाचणाऱ्याला उगम माहीत आहे की नुसतं साम्य सांगितलंय हे लगेच कळतं. शिवाय एक ‘एफ’ असलेलं ‘ऑव्ह’ आणि दोन ‘एफ’ असलेलं ‘ऑफ’ यांची गल्लत करू नका. ‘द मिल्क स्मेल्स ऑफ’ म्हणजे दूध नासल्यासारखा वास मारतंय. दूध, मांस, मासे यांच्यासाठी ब्रिटिश इंग्रजीत ‘ऑफ’ हा रोजचा शब्द आहे, आणि ‘इट हॅज गॉन ऑफ’ म्हणजे ते खराब झालं.

आता शब्दांकडे वळू. तुमच्या कामात सर्वांत जास्त लागेल तो ‘मस्टी’, म्हणजे कुबट. बंद कपाट, भिंतीत मुरलेली ओल, न वाळलेलं कापड, तळघर, जुनी कागदपत्रं यांचा वास. ‘मोल्डी’ त्याचा सख्खा शेजारी, पण तिथे बुरशी दिसते किंवा तिची खात्री असते. भिंतीवर काळे-हिरवे ठिपके असतील तर ‘मोल्डी’, नुसता दमट वास असेल तर ‘मस्टी’. ‘डँक’ हा शब्द यादीत तुम्हाला वासाचा म्हणून दिला असेल. तो मुळात जागेचा शब्द आहे: ओलसर, गार, अंधारी. आणि ‘स्टफी’ म्हणजे कोंदट. त्यात वास असेलच असं नाही, खेळती हवा नाही एवढंच तो सांगतो. ‘स्टफी’ लिहिलंत तर पंखा किंवा हवेची वाट तपासायला माणूस येईल, ‘मस्टी’ लिहिलंत तर ओल शोधायला. दोन वेगळी कामं, दोन वेगळी माणसं. तुमच्या वरिष्ठांची तक्रार नेमकी इथेच मिटते.

‘स्टेल’ म्हणजे शिळा, पण हा शब्द अन्नापुरता नाही. ‘स्टेल एअर’, ‘स्टेल स्मोक’, ‘स्टेल स्वेट’ या पक्क्या जोड्या आहेत. ताजा सिगारेटचा धूर ‘स्टेल’ नसतो. काल कुणीतरी ओढली आणि आज पडद्यांना वास आहे, तो ‘स्टेल सिगरेट स्मोक’. वेळ उलटून गेलीय ही माहिती त्या एका शब्दात येते.

‘रॅन्सिड’चं वर झालं. तुमच्या कामात तो स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टमध्ये साठलेल्या चिकट थरासाठी योग्य ठरेल: ‘रॅन्सिड ग्रीस इन द एक्झॉस्ट डक्ट’. स्वयंपाकघरातलं सांडपाणी जिथून जातं तो ग्रीस ट्रॅप साफ न केल्याने वास येत असेल, तर तिथेही ‘रॅन्सिड’ शोभेल, कारण आत तेलच साचलेलं असतं. म्हणजे तुमची नोंद अशा एखाद्या ट्रॅपबद्दल असती तर कोणी हसलं नसतं.

आंबूस वासाला ‘सावर’. दूध, आंबलेला कचरा, बराच वेळ ओलं राहिलेलं फडकं. व्हिनेगरसारखा तिखट आंबट असेल तर ‘व्हिनेगरी’. नव्या बाथरूममध्ये सिलिकॉन सीलंट भरल्यावर काही जातींच्या सीलंटमधून वाळताना ॲसिटिक आम्ल बाहेर पडतं आणि व्हिनेगरसारखा वास येतो. रहिवासी घाबरून तक्रार करतो. तुम्ही ‘अ व्हिनेगरी स्मेल अराउंड द न्यू सीलंट’ लिहिलंत, तर वाचणारा लगेच ओळखतो की सीलंट पूर्ण वाळला की हा वास जाणार आहे.

कुजल्याच्या वासाचे शब्द बरेच आहेत आणि घोळ इथेच जास्त होतो. सर्वांत सुरक्षित ‘रॉटन’: भाज्या, अंडी, फळं, लाकूड, कशालाही चालतो. ‘प्यूट्रिड’ मात्र मुख्यतः प्राण्यांच्या शरीरासाठी, मांसासाठी. प्रथिनं कुजताना जी रसायनं तयार होतात त्यांतल्या एकाचं नावच प्युट्रेसीन आहे, आणि दुसऱ्याचं कॅडॅव्हरीन. छतावरच्या पोकळीत उंदीर मरून पडला असेल तर ‘अ प्यूट्रिड स्मेल फ्रॉम अबव्ह द फॉल्स सीलिंग, पॉसिब्ली अ डेड रॅट’ हे चोख वाक्य आहे. ‘फेटिड’ हा साचलेल्या, हिरवट झालेल्या पाण्याला आणि तोंडाच्या दुर्गंधीला जास्त शोभतो, पण तो थोडा पुस्तकी आहे. नोंदीत ‘स्टॅग्नंट वॉटर’ असा उगम लिहिलात तर ‘फेटिड’ची गरजच उरत नाही. ‘फाउल’ मात्र हाताशी ठेवा. उगम अजिबात कळत नसेल आणि वास नक्की घाण असेल, तेव्हा ‘अ फाउल स्मेल’ सर्वत्र चालतं. याच्या जागी ‘डर्टी स्मेल’ लिहायचा मोह होतो, कारण आपण ‘घाणेरडा वास’ म्हणतो. इंग्रजीत ‘डर्टी’ वस्तू असते, वास नसतो. अपवाद वाटावा असा एक शब्दप्रयोग एसीच्या कामात आहे: ‘डर्टी सॉक सिंड्रोम’. एसीच्या गार कॉइलवर जिवाणू आणि बुरशी वाढली की यंत्र सुरू होताना मळक्या मोज्यांसारखा वास येतो, त्याला त्या धंद्यातले लोक हेच नाव देतात. पण इथेही ‘डर्टी’ हे मोज्याचंच विशेषण आहे.

गटार आणि सांडपाण्यासाठी वेगळं विशेषण शोधत बसू नका. ‘अ सूइज स्मेल’ किंवा ‘अ सूअर स्मेल’ हेच इंग्रजी बोलणारेही म्हणतात. उच्चार लक्षात ठेवा: लिहिताना ‘सेवेज’सारखं दिसतं, म्हणायचं ‘सूइज’. याला जोडून ‘रॉटन एग्ज’ हे तुलनेचं शब्दयुग्म शिका. हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास कुजलेल्या अंड्यांसारखा असतो आणि सांडपाण्यात तो तयार होतो. बराच काळ न वापरलेल्या बाथरूममध्ये जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं, पाण्याचा अडसर जातो आणि गटारातली हवा वर येते. म्हणून नोंदीत ‘द बाथरूम हॅज नॉट बीन यूज्ड फॉर सेव्हरल वीक्स’ हे वाक्य जोडा. प्लंबर येण्याआधी कुणीतरी बादलीभर पाणी ओतून पाहील आणि फेरी वाचेल. अंड्यांसारखा वास फक्त गरम पाण्याच्या नळाला असेल तर ‘ओन्ली फ्रॉम द हॉट टॅप’ लिहायला विसरू नका. तिथे दोष बहुधा गीझरच्या टाकीत असतो: आतला, टाकी गंजू नये म्हणून बसवलेला मॅग्नेशियमचा अॅनोड आणि पाण्यातले सल्फेटवर जगणारे जिवाणू मिळून तो वायू तयार करतात.

जळण्याच्या वासात शब्दाच्या शेवटाचा फरक फार महत्त्वाचा आहे. ‘बर्निंग स्मेल’ म्हणजे काहीतरी आत्ता जळतंय. ‘बर्न्ट स्मेल’ म्हणजे जळून गेलेलं आहे, वास उरलाय. तुम्ही ‘बर्न्ट’ लिहिलंत आणि वायर अजून तापतेय, तर इलेक्ट्रिशियन निवांत येईल. शंका असेल तर ‘बर्निंग’च लिहा. ‘ॲक्रिड’ हा घशाला आणि डोळ्यांना झोंबणाऱ्या, जळक्या धुराच्या वासाचा शब्द: ‘अ‍ॅक्रिड स्मोक’, ‘अ‍ॅन ॲक्रिड स्मेल ऑव्ह बर्निंग प्लास्टिक’. आणि एक अनपेक्षित जोडी: विजेच्या सॉकेटजवळ, स्विचजवळ ‘फिशी’ वास. मासळी घरात नसताना तिथे तसा वास आला, तर प्लग किंवा सॉकेटमधलं प्लास्टिक किंवा राळ तापत असल्याची ती खूण असू शकते. रहिवासी ‘माशांचा वास येतोय’ म्हणाला म्हणून ती तक्रार शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाच्या खात्यात टाकू नका. ‘फिशी स्मेल निअर द सॉकेट, नो फिश इन द फ्लॅट’ असं लिहा आणि तातडीचं म्हणून पाठवा. ‘फिशी’चा दुसरा अर्थ ‘संशयास्पद’ असल्याने केवळ ‘समथिंग स्मेल्स फिशी’ असं लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल. जागा आणि ‘स्मेल’ हे नाम सोबत हवंच.

गॅसच्या वासाची नोंद मात्र नंतर करायची. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. तो वास आल्याचा फोन आला तर आधी बटणं चालू-बंद करू नका, झडप बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा असं सांगा आणि आपत्कालीन सेवेला कळवा. लिहायचं ते सगळे सुरक्षित झाल्यावर: ‘अ स्ट्राँग स्मेल ऑव्ह गॅस वॉज रिपोर्टेड ॲट...’ आणि वेळ.

त्याच धर्तीची आणखी एक गोष्ट. ‘द स्मेल हॅज गॉन’ आणि ‘आय कान्ट स्मेल इट एनीमोअर’ ही वाक्यं एकाच अर्थाची नाहीत. पहिल्यात वास गेला, दुसऱ्यात नाकाला जाणवेनासा झाला. हायड्रोजन सल्फाइडचं हवेतलं प्रमाण दहा लाखांत साधारण 100 भागांपर्यंत गेलं की नाक त्या वासाला बधिर होतं, आणि धोका तर तेव्हा वाढलेला असतो. टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाने दुसरं वाक्य म्हटलं तर नोंदीत ते बदलून पहिलं करू नका. जसं म्हटलं तसं लिहा, आणि त्याला वर यायला सांगा.

‘पंजंट’ शब्दाबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. त्याचा अर्थ उग्र, नाकात शिरणारा. तो वाईटच असतो असं नाही; कांदा, लसूण, जुनं चीजसुद्धा ‘पंजंट’ असतं. रसायनांचा, फिनेलचा, ब्लीचचा उग्र वास सांगायला तो छान. कुजलेल्या कचऱ्याला एकटा ‘पंजंट’ पुरत नाही. लघवीच्या वासासाठी नोंदीत ‘अ‍ॅन अमोनिया-लाइक स्मेल’ लिहिलं तर अचूकही होतं आणि शोभतंही.

इथे थोडं थांबून एक दिलासा द्यावासा वाटतो. ‘कुजलेल्या अंड्यांसारखा’, ‘मळक्या मोज्यांसारखा’ असं उगमाचं नाव घेऊन सांगणं ही शब्द न सुचल्याची तडजोड नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही वास बहुतेक वेळा असाच सांगतात. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट या भाषाशास्त्रज्ञांनी 2014 साली मलाय द्वीपकल्पातल्या जहाई भाषकांची आणि इंग्रजी भाषकांची तुलना प्रसिद्ध केली. जहाईत वासाचे स्वतंत्र शब्द आहेत, रंगांच्या नावांसारखे, आणि ते लोक वासाचं नाव झटकन व एकमताने सांगतात. इंग्रजी बोलणारे मात्र अडखळतात, लांबलचक वर्णन करतात आणि उगमाचा आधार घेतात. तेव्हा ‘लाइक’ लावून नेमकी वस्तू सांगता आली, की तुमचं इंग्रजी वासापुरतं पुरेसं स्वाभाविक झालं. विशेषण आठवलं नाही म्हणून नोंद अडवून ठेवू नका.

नामांचा प्रश्न राहिला. ‘स्मेल’ सर्वत्र चालतं. ‘ओडर’ औपचारिक, अहवालात शोभणारं. ब्रिटिश लेखनात शेवटी ‘ओ-यू-आर’, अमेरिकनमध्ये ‘यू’ नाही. दोन्हींपैकी एक निवडा आणि सगळीकडे तेच ठेवा. ‘मोल्ड’ या शब्दालाही हाच नियम लागू आहे. ‘स्टेंच’ आणि ‘रीक’ यांत राग आहे, वृत्तपत्राच्या मथळ्यात ते शोभतात, पण कर्मचाऱ्याने नोंदीत लिहिले की तो एका बाजूचा वाटतो. ‘स्टेंच’ हे फक्त नाम, त्याचं क्रियापद होत नाही. ‘स्टिंक’ दोन्ही आहे, बोलीतला आहे आणि त्याची रूपं ‘स्टिंक, स्टँक, स्टंक’. रहिवाशाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यायचे असतील तरच हे वापरा. ‘पाँग’ आणि ‘निफ’ हे ब्रिटिश गप्पांमधले, तुमच्या कामाचे नाहीत. ‘अरोमा’ आणि ‘फ्रेग्रन्स’ सुवासाचे, ते गटाराजवळ चुकूनही नको. ‘फ्यूम्स’ म्हणजे रंग, रसायन, इंजिन यांची श्वासाला त्रास देणारी वाफ किंवा धूर, नेहमी अनेकवचनी. ‘नॉक्शस’ म्हणजे अपायकारक, तो वासाचा गुण नाही, ‘नॉक्शस फ्यूम्स’ अशीच त्याची जोडी. ‘नॉइसम’चा आवाजाशी काही संबंध नाही, आणि तो इतका साहित्यिक आहे की यादीतून आजच खोडलात तरी चालेल.

तीव्रता सांगायला ‘व्हेरी’ पुरत नाही, आणि ‘प्यूट्रिड’सारख्या टोकाच्या शब्दांपुढे ते नीट बसतही नाही. चार पायऱ्या ठेवा: ‘फेंट’ म्हणजे जेमतेम जाणवणारा, ‘नोटिसेबल’, ‘स्ट्राँग’, आणि ‘ओव्हरपॉवरिंग’ म्हणजे तिथे थांबवत नाही असा. भपकारा आला तर ‘अ वेव्ह ऑव्ह’, झुळुकीसरशी क्षणभर जाणवला तर ‘अ व्हिफ ऑव्ह’. वास कसा वागतो हेही सांगा: ‘लिंगर्स’ म्हणजे रेंगाळतो, ‘क्लिंग्ज टू द कर्टन्स’ म्हणजे पडद्यांना धरून राहतो, ‘कम्स अँड गोज’ म्हणजे मधूनमधून येतो. कधी येतो ही माहिती तर विशेषणाहून मोलाची: ‘व्हेन द एसी इज स्विच्ड ऑन’, ‘आफ्टर रेन’, ‘ओन्ली इन द मॉर्निंग’.

या सगळ्यावरून तुमच्या ‘व्हेरी बॅड स्मेल इज कमिंग’चं काय होईल ते पाहा. एसीची तक्रार असेल तर: ‘देअर इज अ स्ट्राँग मस्टी स्मेल फ्रॉम द बेडरूम एसी. इट स्टार्ट्स व्हेन द युनिट इज स्विच्ड ऑन अँड फेड्स आफ्टर टेन मिनिट्स.’ गटाराची असेल तर: ‘द गेस्ट बाथरूम स्मेल्स ऑव्ह सूइज. द स्मेल इज कमिंग फ्रॉम द फ्लोअर ड्रेन.’ एसीच्या नोंदीत दोनच वाक्यांत जागा, प्रकार, तीव्रता आणि वेळ. फोनवर रहिवाशाला याच क्रमाने मराठीत प्रश्न विचारा: कुठे, कशासारखा, किती, कधी. तो ‘घाण वास’ म्हणाला तर तिथे थांबू नका. कुबट आहे की कुजका, करपट आहे की आंबूस, असं विचारा. लोक लगेच सांगतात.

शिकण्याची पद्धत अशी ठेवा. आठवड्याला पाचच शब्द. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग लिहा, शब्दाचा अर्थ नको: ‘बंद कपाटातल्या कपड्यांचा वास’. मागे जोडी आणि तुमच्या कामातलं एक पूर्ण वाक्य. प्रसंग वाचून वाक्य मोठ्याने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी तेच कार्ड पुन्हा घ्या. अडखळलात तर ते पहिल्या दिवसापासून. समानार्थी शब्द एकाच आठवड्यात घेऊ नका. ‘मस्टी’ आणि ‘मोल्डी’ एकदम शिकले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. आधी एक पक्का होऊ द्या, दुसरा दोन आठवड्यांनी. नवा शब्द भेटला तर त्याचा अर्थ पाहण्याआधी तो कोणत्या नामांसोबत येतो ते पाहा. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातली उदाहरणवाक्यं यासाठीच असतात. तीन वेगळ्या उदाहरणांत एकच प्रकारची वस्तू दिसली, तर ती जोडी समजा. पहिले पंधरा शब्द रोजच्या नोंदींत न अडखळता येऊ लागले की बाकीची यादी हवी की नको हे तुमचं तुम्हालाच कळेल.

शक्य तिथे शब्द नाकाशी जोडा. जुन्या तेलाची बाटली उघडून ‘रॅन्सिड’, ओलं राहिलेलं फडकं हुंगून ‘सावर’, बंद खण उघडून ‘मस्टी’ म्हणा. रसायनं, गटार, गॅस यांच्या बाबतीत हा प्रयोग करायचा नाही.

उच्चारात चार ठिकाणी ठेच लागते. ‘पंजंट’मध्ये ‘जी’चा ‘ज’ होतो, ‘ग’ नाही. ‘प्यूट्रिड’ची सुरुवात ‘प्यू’. ‘मोल्डी’मधला ‘यू’ उच्चारात नाही. ‘फेटिड’चं स्पेलिंग ब्रिटिश लेखनात कधी ‘एफ-ओ-ई’ने सुरू होतं, म्हणायचं तरी ‘फेटिड’ किंवा ‘फीटिड’.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रहिवाशाला त्याच्या घराबद्दल सांगताना ‘युअर फ्लॅट स्मेल्स’ नको, कारण त्यात दोष घराला आणि पर्यायाने त्याला जातो. वाक्याचा कर्ता वास करा, घर नाही, आणि ‘युअर’ शक्य तितकं दूर ठेवा: ‘वुई हॅव हॅड रिपोर्ट्स ऑव्ह अ‍ॅन ओडर ऑन द थर्ड फ्लोअर.’ पुढे कारण आपल्याकडे घ्या: ‘इट मे बी अ ड्रेनेज प्रॉब्लेम.’ मग विनंती: ‘वुड इट बी ऑलराइट इफ समवन चेक्ड द बाथरूम अँड किचन ड्रेन्स टुडे?’ ‘फाउल’, ‘स्टेंच’, ‘डिस्गस्टिंग’ यांपैकी काहीही नको; फार तर ‘अनप्लेझंट’. कारण खरोखर साठवलेला कचरा आहे हे दिसत असेल, तरी पहिल्या संदेशात ते लिहू नका, तपासणीनंतर समोरासमोर सांगा. आणि वास घराचा नसून माणसाच्या अंगाचा असेल, तर तो लेखी विषयच नाही. कोणी सहकर्मचारी असेल तर एकांतात, त्याच्या जवळच्या वरिष्ठाने, ‘बॉडी ओडर’ हा साधा शब्द एकदाच वापरून बोलावं: ‘आय वाँटेड टू मेन्शन समथिंग प्रायव्हेटली. आय हॅव नोटिस्ड सम बॉडी ओडर, अँड आय थॉट यू वुड रादर हिअर इट फ्रॉम मी.’ त्यापुढे स्पष्टीकरण देत बसू नये, त्याला बोलू द्यावं. काही वेळा त्यामागे आजार किंवा औषध असतं आणि ते सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं.